घरच्यापुरती

‘घरच्यापुरतीच आहे जी, साहेब.’

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल, सावली, सिंदेवाही या पट्ट्यात मोहाच्या दारूवर धाड पडली की घरातल्या बाईच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं. ती खोटं बोलत नसते. घरात लग्न असतं, तेरवी असते, देवाला शिंपायची असते, नाहीतर धान रोवणीला आलेल्या माणसांसाठी दोन बाटल्या ठेवलेल्या असतात. पण या वाक्याने सुटका होत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. माल आपला आहे आणि आपणच गाळला, एवढं मात्र ती स्वतःच्या तोंडाने सांगून बसते.

महाराष्ट्रात दारूचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो १९४९ चा दारूबंदी कायदा. परवान्याशिवाय दारू गाळायला त्याच्या १२व्या कलमाने बंदी आहे आणि ६५व्या कलमात शिक्षा आहे, तुरुंगाची आणि दंडाचीही. विकायला गाळली की घरात प्यायला, हे गाळण्याच्या गुन्ह्यात कुणी विचारत नाही. घागरभर गाळणारी आणि टँकरभर गाळणारा यांना एकच कलम लागतं.

आणि दारू गळायलाच हवी असंही नाही. गाळण्यासाठी आंबवून ठेवलेला सडवा, मडकं, नळी, डेकची जवळ सापडली तरी त्याच कलमाखाली गुन्हा होतो. पुढे १०३वं कलम आहे, ते तर फार थोड्यांना ठाऊक असतं. दारू गाळायचं सामान सापडलं आणि ते का बाळगलं याचं समाधानकारक उत्तर देता आलं नाही, तर गुन्हा केला असं आधीच गृहीत धरलं जातं. तसं नाही हे आरोपीने सिद्ध करायचं. भांडी घासून हातावर पोट असलेल्या बाईने हे सिद्ध करायचं कसं? डबकी ज्या दुचाकीवर असेल ती दुचाकीही जप्त होऊ शकते. मग ती सोडवायला वेगळा अर्ज, वेगळा वकील, वेगळी पेशी.

हा कायदा तेव्हाच्या मुंबई प्रांताने केला. त्या वर्षी आपला चंद्रपूर, म्हणजे तेव्हाचा चांदा जिल्हा मुंबई प्रांतात नव्हताच, तो मध्य प्रांतात होता. मोहाचं झाड ज्या माणसांच्या अंगणात, बांधावर आणि देवाच्या पूजेत आहे, ती माणसं हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. नंतर राज्याच्या सीमा बदलल्या आणि कायदा आपल्याकडे चालत आला. मजकूर तोच राहिला.

शहरातल्या बारमध्ये बसणाऱ्यालाही या राज्यात प्यायचा परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपयांत आणि देशीला दोन रुपयांत मिळत आला आहे. म्हणजे पिणाऱ्याची सोय कायद्याने पाच रुपयांत केली. मोहाच्या बाईने पाच हजार मोजायची तयारी दाखवली तरी तिच्यासाठी कागद नाही, कारण घरच्यापुरती गाळायचा परवाना या राज्यात अस्तित्वातच नाही. मला राग येतो तो याचा. गुन्हा टाळायची वाट एकाला दिली आहे आणि दुसरीला दिलेलीच नाही.

फुलाची गोष्टही ऐका. मोह मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतो. उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली जावं लागतं, कारण त्या गोड वासावर अस्वलही येतं आणि वाघ तर आपल्या जिल्ह्यात गावाच्या वेशीपर्यंत आहे. मोह वेचायला गेलेली बाई परत आली नाही, ही बातमी आपण दर उन्हाळ्यात वाचतो. इंग्रजांनी १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा केला होता. फूल हातात दिसलं की दारूचा संशय, ही नजर तेव्हापासूनची आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध शिथिल केले, ते चांगलं झालं. आता ती फुलं वाळवा, विका, भाजून खा, गुरांना घाला. गाळायच्या हेतूने पाण्यात भिजत घातली की मात्र तीच फुलं मुद्देमाल होतात.

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी आली आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवायचा निर्णय घेतला. तेव्हापासून मूलच्या चहाच्या टपऱ्यांवर मी एक वाक्य अनेकदा ऐकलं आहे: ‘आता बंदी उठली, मोहाचीबी मोकळी झाली.’ मोकळी झालेली नाही. उघडली ती परवान्याची दुकानं. हातची दारू बंदीच्या आधी गुन्हा होती, बंदीत गुन्हा होती आणि आजही गुन्हाच आहे. मूलहून सावली, व्याहाड ओलांडून वैनगंगेच्या पुलापलीकडे गेलात की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे १९९३ पासून बंदी आहे, म्हणून मूलच्या दुकानात रीतसर घेतलेली बाटलीही पुलापलीकडे तुम्हाला आरोपी करते. पाहुण्यांच्या पिशवीत बाटली ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

इथवर वाचून कुणी मला दारूचा कैवारी ठरवील. तसं नाही. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार ही संघटना आणि पारोमिता गोस्वामी यांच्या हाकेला ओ देऊन या जिल्ह्यातल्या हजारो बाया दारूबंदी मागायला चिमूरहून नागपूरला विधिमंडळावर पायी गेल्या. कडाक्याच्या थंडीत, डोक्यावर गाठोडं घेऊन त्या का चालल्या, हे ज्याच्या घरात नवरा मजुरी पिऊन टाकतो त्यालाच कळेल. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी आणि शेकडो गावांनी बंदीसाठी जे केलं त्यालाही मी हात जोडतो. या बायांचं म्हणणं खरं होतं आणि आजही खरं आहे. घरात गाळलेली दारूही मारझोड करते. घरची म्हणून ती सात्त्विक होत नाही.

पण त्या बायांनी बोट दाखवलं होतं ते धंद्याकडे. गावात पन्नीतून विकणाऱ्याकडे, रात्री गाडी भरून आणणाऱ्याकडे, त्याच्या पाठीवर हात ठेवणाऱ्याकडे. विषही त्याच धंद्यात आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलने, म्हणजे कारखान्यात वापरायच्या विषारी अल्कोहोलने. ते कुणा आजीच्या मडक्यात तयार झालेलं नव्हतं, विकत आणून मिसळलेलं होतं. आपल्याकडच्या भट्ट्यांवरही नवसागर आणि युरिया घालून झटपट माल काढतात, कारण त्यांना पन्नीमागे पैसा सुटायला हवा. सोयऱ्यांना पाजायची दारू बाई तशी करत नाही, कारण तीच आधी चव घेते.

अशा धंदेवाल्यासाठी राज्याकडे १९८१ चा कायदा वेगळा आहे. त्याच्या नावातच ‘हातभट्टीवाले’ हा शब्द आहे आणि त्याखाली माणसाला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. हत्यार हाताशी असताना धाडींचा आकडा भरायला मात्र मडकं उपयोगी पडतं. मडकेवाली पळत नाही, वकील घेऊन येत नाही, वरून कुणाचा फोनही आणत नाही. एका दिवसात चार घरं झाली की चार गुन्हे दाखल आणि वर्तमानपत्रात ‘इतके लिटर सडवा नष्ट’ असा मथळा. तो सडवा किती घरांचा आणि किती भट्ट्यांचा, हे त्या मथळ्यात कधी नसतं. पत्रकारांनी ते विचारावं. मीही विचारलं नव्हतं, यापुढे विचारीन.

शेजारी बघा. छत्तीसगडमध्ये आदिवासी घराला स्वतःपुरती पाच लिटरपर्यंत मोहाची दारू ठेवता येते, विकता येत नाही. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारशाचं मद्य म्हणून मान्यता दिली. गोव्याच्या काजू फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. गडचिरोलीतल्या कोरचीच्या गोंडाचा सोयरा सीमेपलीकडे छत्तीसगडात राहतो. पेन म्हणजे देव एकच, पूजा एकच, फूल एकाच जंगलातलं. अलीकडचा आरोपी आणि पलीकडचा यजमान, हे दोघांनाही समजावून सांगता येत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. कायद्यात ‘घरच्यापुरती’ हा शब्द लिहा आणि त्यापुढे लिटरचा आकडा लिहा. विक्रीला त्यात जागा नको, एका पन्नीचीही नको. ज्या गावाच्या ग्रामसभेला, त्यातही गावातल्या बायांना, आपल्या गावात तेवढीही नको असेल तिथे ती नको. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांबाबत अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने दिलेलाच आहे, तो वापरात आणा. एवढं झालं तर पोलिसांचा वेळ भट्टीसाठी मोकळा होईल आणि चिमूरहून चालत गेलेल्या बायांचं मागणंही अधिक नेटाने पुरं करता येईल.

तोवर मडकं चढवू नका, असंच मी सांगेन. देवासाठी असली तरी. आवडत नाही हे सांगायला, पण कायदा आज जसा आहे तसाच लागतो आणि एका धाडीनंतरच्या पेशांत दोन वर्षांची मजुरी जाते.

आणि धाड पडलीच, तर दारात उभ्या असलेल्या लेकीला किंवा सुनेला एवढं ठाऊक असू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांवर बंधनकारक आहे, ते होतंय का हे विचारा. जप्तीच्या यादीची प्रत मागा. सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. कागदात काय लिहिलं आहे ते वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. वकिलासाठी सावकाराकडे तर मुळीच जाऊ नका. बाई असेल, अनुसूचित जमातीची किंवा जातीची व्यक्ती असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने वकील फुकट मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. न्यायालयात गेलात की पहिल्याच कारकुनाला तिची खोली विचारा.