युद्धकथा न पुरविल्याबाबत

प्रति,
सुभेदारसाहेब (सेवानिवृत्त), मराठा लाइट इन्फंट्री,
हल्ली मुक्काम मारुतीच्या देवळासमोरचा पार, जिल्हा सातारा.

विषय : मित्रमंडळास युद्धकथा न पुरविल्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण फौजेत तीसेक वर्षे काढून गावी परतलात, त्याला आता पुरेसा काळ लोटला आहे. दर रविवारी संध्याकाळी आपण पारावर बसता, चहा पिता, मेंढीकोट खेळता आणि भरपूर बोलता. परंतु आजतागायत एकही धड युद्धकथा मंडळाच्या पदरात पडलेली नाही. पदरात पडले ते आपल्या गुडघ्याचे एक्सरे.

जाऊ दे. पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या माणसाला अहोजाहो करणं माझ्याच्यानं फार वेळ जमायचं नाही.

तू भरती झालास तेव्हा आमच्या अपेक्षा काय होत्या, हे जरा ध्यानात घे. आपला जिल्हा साधासुधा नाही. आपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलंय. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली ती साताऱ्यात. तुझ्या रेजिमेंटची सुरुवात १७६८ची. दुसऱ्या महायुद्धात इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या तुमच्याच गड्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. घरात एवढं भांडवल पडलेलं असताना माणसानं गावाला व्याज तरी द्यावं की नको?

तू बेळगावहून ट्रेनिंग संपवून गेलास आणि तुझी पत्रं येऊ लागली. निळी इनलँड, पत्ता ‘मार्फत ५६ एपीओ’. तू जम्मूत आहेस, लेहमध्ये आहेस की आणखी कुठं, याचा त्यावरून ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. आम्ही शाळेतला नकाशा पसरून पैजा लावायचो. आत मजकूर काय? म्हैस व्याली का, विहिरीला पाणी किती, धाकट्याचा पाय मोडला होता तो बरा आहे का. आणि खाली एक ओळ : इकडे थंडी बरी आहे.

ही ‘बरी’ थंडी सियाचीनची होती, हे आम्हाला कैक वर्षांनी कळलं. तेही वहिनींकडून. मग मी वाचनालयात बसून माहिती काढली. १३ एप्रिल १९८४ला आपल्या फौजेनं तिथं पाय रोवले. नोव्हेंबर २००३ला शस्त्रसंधी झाली, त्याआधी गोळीबारही होता. पण गोळीपेक्षा जास्त माणसं खाल्ली ती हवेनं आणि हिमकड्यांनी. काही चौक्या वीस हजार फुटांच्या वर. पारा उणे पन्नासाच्या खाली उतरतो, टूथपेस्ट ट्यूबमध्येच थिजते, संत्र्यावर हातोडी चालवावी लागते, झोप आणि भूक दोघी मिळून रजेवर जातात. रॉकेलची बुखारी रात्रंदिवस पेटलेली, त्यामुळं सकाळी थुंकीत काजळी. एवढं सगळं मी तुला पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं. अंगावर काटा आला माझ्या. तू शेंगदाणे सोलत ऐकून घेतलंस आणि म्हणालास, “बरोबर लिहिलंय. पण खरा तरास मोज्यांचा. घाम आला की ओले, ओले झाले की गोठले.”

मोजे! अरे, आम्ही महाबळेश्वरला स्वेटर विसरलो तर आठवडाभर सांगत सुटतो.

आता बोटाचा मुद्दा. तुझ्या उजव्या हाताच्या अनामिकेला शेवटचं पेर नाही. मेंढीकोटात तेरा पानं डाव्या हातात धरतोस, त्या आखूड बोटानं एक पान किंचित वर सरकवतोस आणि मग चिमटीत धरून टाकतोस. हुकमाची दश्शी हातात असली, तर बोट तिच्यावर येऊन थबकतं आणि मागं फिरतं. हे मंडळाला ठाऊक आहे, शेठ तर त्याच्या जोरावर दोनदा कोट देऊन बसलाय. त्या बोटाबद्दल त्यानंच एकदा सरळ विचारलं. तू म्हणालास, “थंडीनं गेलं. हुकूम काय?”

दोन शब्द. अख्ख्या एका पेराचे दोन शब्द! आणि गुडघ्याला? गुडघ्यावर तू बिनविश्रांती बोलू शकतोस. कुठला डॉक्टर काय म्हणाला, कुठलं तेल, जिना चढताना कसा आवाज येतो, उतरताना कसा. वर फौजेतली ती ‘शेप’ची मोजपट्टी तू आमच्या अंगाला लावतोस : मन, कान, हातपाय, एकूण प्रकृती, डोळे, सगळं ठणठणीत तो शेप-वन. मास्तरांची साखर वाढली म्हणून त्यांना ‘पी’मध्ये खाली टाकलंस, शेठला कानामुळं ‘एच’मध्ये. माझं पहिल्याच अक्षराला अडलंय म्हणतोस. चालेल.

आमच्याकडून काही शिक. मार्चअखेरीला पतसंस्थेच्या रोजकीर्दीत चौऱ्याऐंशी रुपयांचा फरक लागला होता, ती रात्र मी अजून मंडळाला विसरू दिलेली नाही. सगळ्या बाजूंनी वेढा, चहा संपलेला, मॅनेजर कपाळाला हात लावून बसलेला आणि मी एकटा व्हाउचरांच्या ढिगात! शेठचा मुतखडा सोनोग्राफीत सहा मिलिमीटरचा होता, सांगता सांगता आवळ्याएवढा झाला. याला म्हणतात हकीकत. तू हल्ली एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेस, पोराच्या वयाच्या साहेबाला सलाम ठोकतोस. कसं वाटतं, असं विचारलं तर म्हणे, “खुर्ची आहे, पंखा आहे.”

एका बाबतीत मात्र तुला गुण द्यावे लागतील. तुझी हयातीच्या दाखल्याची लढाई. मोबाइलला नुसता चेहरा दाखवला की काम होतं, ही सोय २०२१ साली आली. पण सुभेदारसाहेबांना ती नामंजूर. नोव्हेंबरात समोरासमोर जायचं. तू पहाटे निघालास, रांगेत मोक्याची जागा धरलीस, तरी खिडकीपाशी अंगठा उमटेना. मग एकेक बोट. मशीन तुला जिवंत धरायला तयार नाही, आणि खिडकीतला पोरगा विचारतोय, “काका, दुसरं बोट नाही का?” जेवणाच्या सुट्टीत माघार, तीननंतर पुन्हा चढाई, अखेर डाव्या हाताच्या करंगळीनं किल्ला सर. हे सांगताना तुझे डोळे चमकत होते, हात हवेत फिरत होते, गुडघ्याचं भानही नव्हतं. म्हणजे सांगता येतं तुला! मग इतकी वर्षं आमच्याशी हा कंजूषपणा का?

कंजूषपणावरून आठवलं. फौजेच्या कँटीनची बाटली बाहेर द्यायला मनाई, हा नियम तू आम्हाला तोंडपाठ करून दिला आहेस. नियम आम्हाला मान्य. म्हणून तर आम्ही तुझ्या घरी येऊन बसतो. पण झाकणानं मोजून ओतायचं कुठल्या नियमात बसतं?

बरं, आम्ही जुने लोक, सोसू. नव्या पोरांचं काय? जून २०२२मध्ये भरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हापासून तीही वयाचा आणि चार वर्षांच्या नोकरीचा हिशोब मांडून पहाटे रस्त्यावर धावतायत. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आणायचे म्हणून छाती फुटेस्तोवर. त्यातली काही परवा पारावर आली. काका, फौजेतलं काहीतरी सांगा. आम्ही पत्ते पालथे ठेवले, मास्तरांनी चष्मा पुसला. आणि तू काय सांगितलंस? नखं कापत जा. बोटांच्या बेचक्यात पावडर टाका. मोजे कोरडे ठेवा, एक जोड कायम छातीशी. रविवारी आईला फोन करा. उठून जाताना त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, सुभेदारकाका बहुतेक ऑफिसात असणार रे. तू ऐकलंस. ऐकलंस हे आम्ही पाहिलं. आणि तू पान टाकलंस, तेही चुकीचं!

मंडळाची यात नाहक बदनामी झाली आहे. तरी येत्या रविवारपर्यंत किमान एक युद्धकथा, मोजे वगळून, मंडळासमोर सादर करावी. दहा मिनिटांची चालेल. बोटाची असल्यास प्राधान्य. कसूर झाल्यास गुडघ्यावरील निवेदन ऐकून घेण्याची सवलत तत्काळ रद्द होईल आणि डावात तुझा भिडू म्हणून शेठला बसवलं जाईल, ज्याला हुकूम कुठला हे ऐकूच येत नाही.

कळावे,
आपला,
सिव्हिलियन (शेप-टू, मनाच्या कारणास्तव)

प्रत : वहिनींना, माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी. तुझ्या काळ्या ट्रंकेची किल्ली त्यांच्याकडे असते, हे मंडळाच्या निदर्शनास आलेले आहे.