स्वहस्ते हरीण कापण्याचा शास्त्रोक्त विधी

कोणताही विधी सांगण्याआधी अधिकारी कोण आणि अनधिकारी कोण, हे सांगून टाकायची आपल्याकडे रीत आहे. त्याप्रमाणे आधीच नोंदवलेलं बरं, की प्रस्तुत विधीचा अधिकार महाराष्ट्रात कोणालाही नाही. चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. तरीही ज्यांना हौस आहे त्यांना सुरीपेक्षा वकिलाची गरज अधिक लागेल आणि तो विषय वेगळा. हा लेख अमेरिकेतल्या त्या गृहस्थासाठी आहे, ज्याच्या खिशात राज्याचा परवाना आहे, ज्याने हरणाला रीतसर टॅग लावला आहे आणि जो आता पिकअप ट्रकच्या हौद्याकडे बघत डोकं खाजवतो आहे. असे गृहस्थ थोडेथोडके नाहीत. एकट्या पेनसिल्व्हेनियात अलीकडच्या हंगामांत वर्षाला चार लाखांहून जास्त पांढऱ्या शेपटीची हरणं टिपली गेली. विस्कॉन्सिनचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो आणि नऊ दिवसांत आटोपतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न हजारो घरांत एकाच संध्याकाळी दारात येतो. उत्तरं दोनच. हरीण गॅरेजमध्ये टांगा आणि स्वतः कापा. नाहीतर गावच्या प्रोसेसरकडे टाका, साधारण शंभर ते दीडशे डॉलर मोजा आणि काही आठवड्यांनी कागदात गुंडाळलेली पुडकी घेऊन या.

स्वतः कापणारे लोक पहिलं कारण पैशाचं सांगतात. हे कारण इतकं तकलादू आहे की ते आधीच निकालात काढू. सव्वाशे डॉलर वाचवायला काय काय लागतं बघा: हाडं सोडवायची सहा इंची सुरी, ती परजायचा दगड, हरीण टांगायची आडवी दांडी, कप्पी आणि दोर, खिम्याचं यंत्र, हवा ओढून पाकीट बंद करणारं यंत्र आणि त्या यंत्राला जन्मभर पुरवाव्या लागणाऱ्या पिशव्या. एवढं झाल्यावर कळतं की घरातल्या फ्रीजमध्ये जागा नाही. मग गॅरेजसाठी दुसरा फ्रीज येतो आणि हंगाम संपला की त्यात बिअर राहायला येते. म्हणजे पहिल्या वर्षी सव्वाशे डॉलर वाचवायचे तर पाचशे तरी खर्चावे लागतात. घरच्यांना हा हिशेब सांगताना ‘दीर्घकालीन’ हा शब्द दोनदा तरी वापरावा आणि तिसऱ्या प्रश्नाच्या आत गॅरेजकडे निघावं.

मग करायचं कशासाठी? उत्तर शोधायला अमेरिकेच्या कायद्याकडे वळावं लागतं. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी बेसुमार शिकार झाली आणि शतक संपेतो देशभरात मिळून काही लाखच हरणं उरली. त्यातून राज्यांचे शिकारबंदीचे आणि हंगामाचे नियम आले आणि १९००चा लेसी कायदा आला, ज्याने बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार रोखला. आज तिथे रानातलं हरीण मारून त्याचं मांस विकता येत नाही. हॉटेलात मिळतं ते पाळीव हरणांचं, बरंचसं न्यूझीलंडहून आलेलं. म्हणजे आपल्या गृहस्थाच्या ट्रकमध्ये पडलेल्या मांसाला बाजारात भावच नाही. दुकानातल्या गोमांसापेक्षा त्याच्यात सरस अशी एकच गोष्ट आहे: ते जनावर कुठे चरत होतं, कधी पडलं, गोळी कुठे लागली, किती वेळात थंड झालं, हे खाणाऱ्याला ठाऊक असतं. या मांसाचं सगळं मोल त्या ओळखीत आहे. पहाटे चारला उठून, झाडावरच्या मचाणात कुडकुडत मिळवलेली ही ओळख जो दुसऱ्याच्या काउंटरवर ठेवून पावती घेऊन निघून येतो, तो पैसे देऊन नेमकी तीच वस्तू गमावतो जिच्यासाठी तो रानात गेला होता. आपल्याकडे रविवारी मटणाच्या रांगेत उभा राहणारा माणूस फऱ्यातलंच द्या, नळी घाला, असं बजावत खाटकाच्या ठोकळ्यावरून नजर हलवत नाही. अर्ध्या किलोला इतकी दक्षता, तर अख्ख्या जनावराला किती असावी, हे त्रैराशिक सोडवायला गणिती लागत नाही.

आता प्रत्यक्ष विधी. यातला पहिला संस्कार प्रोसेसर सहसा करतच नाही. हरीण पडलं की तिथेच, पालापाचोळ्यात, त्याचं पोट उघडून आतडी, जठर, काळीज, फुप्फुसं बाहेर काढायची असतात आणि हे काम शिकाऱ्याच्याच वाट्याला येतं. मूत्राशय फुटू द्यायचं नाही, आतड्याला सुरीचं टोक लागू द्यायचं नाही आणि श्वासनलिका तोडायला हात कोपरापर्यंत छातीच्या पिंजऱ्यात घालायचा. हे सगळं अंधारात, डोक्याला दिवा बांधून. ज्याने हे केलं तो घरी येऊन ‘मला बाई कापाकापी जमत नाही, किळस येते’ असं म्हणू लागला तर त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघावं. घाणेरडं होतं ते काम संपलेलं आहे. उरलेलं काम टेबलाशी उभं राहून, उजेडात, कॉफी पीत करायचं आहे. प्रोसेसरची फी किळसेपोटी दिली असं सांगणारा माणूस स्वतःलाच फसवतो.

दुसरा संस्कार थंडाव्याचा. मांस चाळीस अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे चार अंश सेल्सिअसच्या खाली लवकर यायला हवं. मिशिगनच्या नोव्हेंबरात हे काम निसर्ग फुकटात करतो. टेक्सासमध्ये बर्फाच्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात. कातडं शक्यतो हरीण गरम असतानाच ओढावं, तेव्हा ते मुकाट्याने येतं. गार झाल्यावर ते हट्टाला पेटतं. केस मांसावर पडू देऊ नयेत, कारण हरणाचा एक केस ओल्या मांसावरून काढताना जो संयम लागतो तो अमेरिकेत गॅरेजमध्ये शिकवला जात नाही.

तिसरा संस्कार सुरीचा आणि इथे नवशिक्याला सुखद धक्का बसतो. हरणाचा पुढचा पाय धडाला कोणत्याच सांध्याने जोडलेला नसतो, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. पाय जरा बाहेर ओढायचा, काखेत सुरी घालायची, फासळ्यांना लगटून वर न्यायची. अख्खा खांदा हातात येतो आणि करवत खुंटीवरच राहते. कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून कमरेपर्यंत बॅकस्ट्रॅपची लांब पट्टी असते. कण्याला घासून एक उभा चर, फासळ्यांवरून एक आडवा, की ती सोलून निघते. पोटाच्या आत, कण्याखाली दोन छोट्या टेंडरलॉइन असतात. त्या सगळ्यांत कोवळ्या, म्हणून आधी काढाव्यात आणि कोणाला न सांगता त्याच रात्री लोण्यात परतून खाव्यात. मागच्या मांडीत स्नायू एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि त्यांच्यामधली शिवण बोटाने चाचपली की सापडते. सुरीने तिथे फक्त वाट दाखवायची, बाकी अंगठा करतो. शेवटी वरचा रुपेरी पापुद्रा सुरीची धार किंचित वर रोखून सोलायचा आणि चरबी निर्दयपणे काढून टाकायची. हरणाची चरबी मेणासारखी असते, टाळूला चिकटते आणि फ्रीजरमध्येही खवट होते. खिम्याला स्निग्धता हवी तर डुकराची चरबी मिसळा. तो खिमा मात्र शिजवताना आतून एकशेसाठ अंश फॅरनहाइट होऊ द्या.

या वर्णनात करवत कुठेच आली नाही, हे चाणाक्ष वाचकाने हेरलं असेल. इथून विनोदाचा भाग थोडा कमी होतो. १९६७मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा झिजवून मारणारा रोग पहिल्यांदा लक्षात आला; २००२मध्ये तो विस्कॉन्सिनमध्ये सापडला आणि आज तीसहून अधिक राज्यांत आहे. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होतो आणि स्वयंपाकाच्या आचेने ती नष्ट होत नाहीत. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, तरीही अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र सांगतं की बाधित भागातलं हरीण तपासून घ्या, मेंदू, मज्जारज्जू आणि लसिकाग्रंथींना हात घालणं टाळा आणि मांस बाहेर कापायला दिलंत तर तुमचं जनावर वेगळं कापायला सांगा. हा शेवटचा सल्ला आपल्या मुद्द्याचा कणा आहे. हंगामात एकेका प्रोसेसरकडे शेकड्यांनी हरणं येतात. काही जण सॉसेज आणि खिम्यासाठी अनेकांचं मांस एकाच घाण्यात घालतात आणि वजनाच्या प्रमाणात वाटून देतात. त्यात लबाडी काही नाही, मोठी यंत्रं दहा पौंडांसाठी चालत नाहीत एवढंच. पण मग तुमच्या तपासणीच्या अहवालाला अर्थ उरत नाही, कारण पुडक्यात तुमच्यासोबत आणखी पाचजणांची हरणं असतात. घरी हाडाविना कापलेलं मांस कण्याला न चिरता सुटतं आणि अहवाल येईपर्यंत आपल्या नावाच्या पाकिटात निमूट पडून राहतं.

दुसरा पुरावा शिशाचा. शिशाची गोळी अंगात शिरली की तिचे बारीक कण डोळ्यांना दिसणाऱ्या जखमेच्या बरेच पलीकडे उडतात. २००८मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं आढळलं आणि अन्नकेंद्रांना तो टाकून द्यायला सांगण्यात आलं. जखमेभोवतीचं मांस किती सढळ हाताने कापून फेकायचं हे ज्याला ते खायचं आहे तोच ठरवू शकतो. प्रोसेसरची पंचाईत अशी, की त्याने जास्त फेकलं तर गिऱ्हाईक म्हणतं मांस चोरलं. ही तक्रार त्या धंद्याइतकीच जुनी आहे. पोट साफ केलेलं एकशेवीस पौंडांचं हरीण दिल्यावर हाडाविना पन्नास-एक पौंड मांस हाती आलं, की उरलेलं कुठे गेलं असा संशय माणसाला रात्रभर जागवतो. डोकं, कातडं, खूर, हाडं आणि फुटलेला भाग यांत ते गेलेलं असतं. स्वतः कापणाऱ्याला हे अंतर डोळ्यांसमोर दिसतं. संशय घ्यायला त्याच्यापुढे फक्त कुत्रा उरतो.

आता आक्षेप. पहिला वेळेचा. खरं आहे, नवशिक्याचा अख्खा दिवस जातो. पण प्रोसेसरकडे दोनदा गाडी हाकणं, शनिवारच्या रांगेत उभं राहणं आणि आठवडे वाट बघणं, हाही वेळच आहे, फक्त तो कोणी मोजत नाही. दुसरा आक्षेप उकाड्याचा, आणि इथे मात्र शरणागती पत्करावी. जॉर्जियात सत्तर अंशांची दुपार असेल आणि घरी दोन बर्फाच्या पेट्यांपलीकडे काही नसेल, तर प्रोसेसरची शीतखोली दीडशे डॉलरलाही स्वस्त आहे. नासलेल्या मांसाची ओळख असून उपयोग काय? तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हरीण लिफ्टमधून नेऊ नये, हेही सांगायला नको. तिसरा आक्षेप सॉसेजचा. समर सॉसेजला धुरी लागते, नायट्राइटचं मीठ अचूक मापाने घालावं लागतं आणि ते काम जाणत्याकडे सोपवणं शहाणपणाचं. मात्र हरीण घरी कापून फक्त कातरण त्याच्याकडे न्यावी, म्हणजे मधला मार्ग निघतो. चौथा आक्षेप परोपकाराचा. ‘फार्मर्स अँड हंटर्स फीडिंग द हंग्री’सारख्या संस्था शिकाऱ्यांचं हरीण भुकेल्यांपर्यंत पोचवतात आणि त्यासाठी ते मान्यताप्राप्त प्रोसेसरकडूनच जावं लागतं. तिथे खुशाल द्यावं. दान केलेलं हरीण आपल्या ताटात येणार नसतं. पाचवा आक्षेप, अशाने गावचा खाटीक उपाशी मरेल. सॉसेजचं गिऱ्हाईक जोवर आहे तोवर त्याची काळजी नको.

तेव्हा निवाडा असा. पैसे वाचतील म्हणून घरी कापू नका, कारण ते वाचत नाहीत. मर्दुमकीसाठीही कापू नका. ती पोट साफ करताना सिद्ध झालेली आहे. आपण काय खातो हे माहीत असावं, एवढ्या एकाच कारणासाठी कापा. ते कारण पुरेसं आहे. ज्याला हवामान, जागा किंवा वेळ यांपैकी काही अडवतं त्याने प्रोसेसरला तीन प्रश्न विचारावेत: मला माझंच हरीण परत मिळेल का, तुम्ही हाडं सोडवता की कण्यावर करवत चालवता, आणि तुमची शीतखोली किती अंशांवर असते? तिन्हींची उत्तरं त्याने न चिडता दिली तर पैसे मोजा, वर थोडी बक्षिसी द्या आणि त्याचा नंबर जपून ठेवा. चिडला तर हरीण परत ट्रकमध्ये घाला आणि घरी येऊन सुरी परजायला घ्या.