लखनवी अदब

लखनौच्या गोमती नगर स्थानकाचा सुमारे ३८५ कोटी रुपये खर्चून केलेला कायापालट २६ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला, आणि विमानतळाची ऐट मिरवणाऱ्या त्या वास्तूच्या सरकत्या जिन्यांवरून अवरोहण करणाऱ्या उतारूस आपण इहलोकीच आहोत ना, असा क्षणभर संभ्रम पडावा, अशीच सरकारची मनीषा असावी. संभ्रम फार टिकत नाही. दाराबाहेर रिक्षावाल्यांचा दरबार भरलेला असतो. मेट्रो? ती २०१९ पासून अमौसी विमानतळ ते मुन्शीपुलिया अशी धावते, शेजारच्या इंदिरा नगरास दर्शन देते, आणि कचेऱ्यांनी व मनोऱ्यांनी गजबजलेल्या गोमती नगरास दुरूनच कुर्निसात करते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेली दुसरी मार्गिकाही चारबागेहून वसंत कुंजाकडे, म्हणजे थेट उलट दिशेस, जाणार. (त्या वाटेवरच्या जुन्या चौक भागाचा हक्क आधीचा, हे कबूल.) शेजारचे कानपूर, जिथल्या गिरण्यांचे भोंगे थंडावून जमाना लोटला, तेही २०२१ सालीच मेट्रोत बसले. इथे मात्र रेल्वे आणि मेट्रो एकमेकींस ‘पहले आप’ म्हणत अदबीने तिष्ठत आहेत. तोवर उतारूंनी भाडे आधी ठरवूनच रिक्षात पाय ठेवावा.