श्टुटगार्टची हळहळ

परमुलखात जाताना लोक 'धन्यवाद' आणि 'पाणी' हे शब्द पाठ करतात. जर्मनीला जाणाऱ्याने त्याआधी हळहळायला शिकावं. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. पण मुंबईकराला हळहळायला वेळ कुठला? लोकल चुकली की एक शिवी, आणि पुढची पकड. श्टुटगार्टमध्ये हळहळ सावकाश चालते आणि तिचे दर ठरलेले असतात.

बेकरीत ब्रेत्सल नावाचे पाव संपले होते. माझ्या पुढच्या आजीबाई म्हणाल्या, "ओऽऽऽ, शाडं!" म्हणजे 'अरेरे!' सूर असा, की मला वाटलं कोणीतरी गेलं. काउंटरवरच्या बाईंनीही "शाडं" म्हणत साथ दिली. तेवढ्यात सुतक फिटलं, आजीबाई दुसरा पाव घेऊन चालत्या झाल्या. बाहेर पाऊस लागला होता. दारातल्या गृहस्थांनी आभाळाकडे बघून थंडपणे "ना टोल!" म्हटलं. म्हणजे 'वा, छान!' मी पुण्यात वाढलो. हा प्रकार मला कोणाला समजावून द्यावा लागला नाही.

मोठ्या दुःखाला मात्र शब्द लहान. इथल्या नव्या मुख्य स्टेशनाचं काम २०१० मध्ये सुरू झालं. ते २०१९ मध्ये संपायचं होतं. खर्च ११ अब्ज युरोंच्या पुढे गेलाय. "कधी उघडणार?" असं एका श्टुटगार्टकरांना विचारलं. त्यांनी कुंपणाकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "ट्या." म्हणजे 'असो'. बस्स.

५ जुलै २०२४ ला फुटबॉलच्या युरो करंडकाची उपांत्यपूर्व फेरी याच गावात, जर्मनी विरुद्ध स्पेन. मी बिअर गार्डनमध्ये पडद्यासमोर. स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला चेंडू लागला आणि पंचांनी पेनल्टी दिली नाही, तेव्हा बाकडी हादरली. पण ११९व्या मिनिटाला स्पेनच्याच मेरिनोने हेडर मारून जर्मनीला स्पर्धेबाहेर काढलं, तेव्हा आता दगडफेकच होणार म्हणून मी पिशवी छातीशी धरली. शेजारच्या काकांनी उरलेली बिअर संपवली, "ट्या" म्हणाले आणि ग्लास परत करायच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

ग्लासाची अनामत परत मिळते, पण ग्लासासोबत मिळालेला बिल्ला दाखवावा लागतो. काकांनी खिसे उलटे केले. बिल्ला नाही. "झो आइन मिस्ट!" 'काय ही कटकट!' अशा अर्थाने काका कडाडले. "दास गिप्ट्स डॉख निश्ट!" म्हणजे 'असं होऊच कसं शकतं!' सबंध रांग मोडून मदतीला आली, कोणी बाकाखाली वाकलं, कोणी मोबाइलची बत्ती लावली. श्वाबी, म्हणजे या भागातल्या, माणसाची काटकसर जर्मनीभर प्रसिद्ध आहे. स्पेनचं कोणी नावही काढलं नाही. इथे दोन युरोंचा प्रश्न होता.