थैलीवाले

कांगारूच्या गोतावळ्यात जन्म घ्यायचा आणि पोटाला पिशवीच नसायची, म्हणजे सराफाच्या घरात वाढून अंगावर गुंजभर सोनं नसण्यासारखं. ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या नुम्बॅटचं असंच झालं आहे. खारीपेक्षा थोराड, तांबूस अंग, पाठीवर पांढरे आडवे पट्टे, डोळ्यावरून गेलेली काळी रेघ. मादीची चार पिल्लं चार सडांना नुसती लोंबकळतात. आडोसा काय तो आईच्या पोटावरच्या केसांचा.

आणि इकडे डबक्यात तरंगणारी युट्रिक्युलारिया ही वनस्पती! तिला मुळं नाहीत, पण थैल्या शेकडो. वर दोन-चार पिवळी फुलं डुलत असतात, त्यामुळे खालच्या कारभाराचा संशयही येत नाही. मोहरीएवढी थैली आतलं पाणी उपसून गाल आत ओढून बसते. दारावरच्या केसाला डासाच्या अळीचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि अळी पाण्यासकट गडप. वेळ लागतो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर पुस्तक लिहिताना डार्विनला वाटलं होतं, की प्राणी स्वतःच डोकं खुपसून आत शिरतात. त्याला तरी दोष कसा द्यावा? डोळ्यांना दिसेल इतका वेळ ती बया घेतच नाही.

नुम्बॅटचं सगळं मेहनतीचं. दिवसाला वीस हजारांपर्यंत वाळव्या, लांबलचक चिकट जिभेनं टिपून. (आमच्या पुस्तकांच्या कपाटाला हा पाहुणा चालला असता.) तोंडात पन्नासेक दात आहेत, पण चावण्याचं काम त्यांना फारसं नाही. वारूळ फोडण्याइतका जोर पंजात नाही, म्हणून वाळवी जमिनीच्या वरच्या थरात येईल तेव्हा याचं जेवण. थंडीत ती दुपारी येते, तर हाही दुपारीच बाहेर. भर उजेडात, जमिनीत नाक खुपसून हिंडणाऱ्याला गाठायला कितीसा वेळ लागतो? गोऱ्यांनी शिकारीच्या हौसेपायी आणलेले कोल्हे आणि गोऱ्यांबरोबरच आलेली मांजरं यांनी ते काम चोख बजावलं. रानात आज हजारभर नुम्बॅट उरले असतील तर पुष्कळ.

युट्रिक्युलारियाला कोल्ह्याची भीती नाही. तिचा तुकडा मोडला तर त्याचंही नवं रोप होतं.

पावसाळ्यात कास पठारावर जाल, तेव्हा तिच्याच गणगोतातली सीतेची आसवं जागोजागी दिसतील. ती निळी-जांभळी नाजूक फुलं डोळे भरून पाहा, पण त्यांची कीव करू नका. खाली ओल्या मातीत त्यांच्या थैल्या जेवायला बसलेल्या असतात. कीव करायचीच तर नुम्बॅटची करा.