साडेबारा मेगापिक्सेल

मुलीसाठी स्थळ बघताना होत नाही एवढी चौकशी हल्ली फोन घेताना होते. दोन मॉडेलं शेजारी शेजारी मांडायची आणि तक्ता वाचायचा. एकाचा कॅमेरा ५० मेगापिक्सेल, दुसऱ्याचा २००. म्हणजे दुसरा चौपट हुशार! आता गंमत बघा. नेहमीचा फोटो काढताना २०० वाला बहुधा सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करतो, ५० वाला चार-चार. भागाकार करा, दोघांच्या पदरात साडेबाराच पडतात. तेही व्हॉट्सअ‍ॅपवरून मावशीला पोचेपर्यंत आणखी आक्रसतात. मागचा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा तर निव्वळ डोळ्यांची संख्या भरायला बसवलेला. ‘१२ जीबी रॅम’ म्हणतात, त्यातली कधी कधी सहाच खरी. उरलेली सहा स्टोरेजकडून उसनी.

एवढा अभ्यास करून माणूस दुकानात जातो आणि अर्धा तास रंग निवडतो.

सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? बॅटरी बदलायला किती पडतील, आणि ती बदलणारं सर्व्हिस सेंटर गावात की थेट जिल्ह्याला? दुकानदाराला एवढंच विचारा. मेगापिक्सेल तो आपणहून सांगेलच.