काष्ठजडावातील फटमीमांसा

घन काष्ठात खाच कोरून तीत भिन्नवर्णी काष्ठखंड तंतोतंत बसविणे, यास जडावकाम म्हणतात. म्हैसूरचे शिसवीवरील काम, तसेच शिसमात पितळेची तार ठोकून साधलेली मैनपुरीची तारकशी, यांत प्रस्तुत विषयाचा नमुना सहसा सापडत नाही. सबब ती क्षेत्रे अभ्यासकास निरुपयोगी होत. खरे क्षेत्र एकच : नवशिक्याने सागवानी डबीच्या झाकणावर बसविलेले पहिले शंकरपाळे.

व्याख्या : खाच व खंड यांच्या दरम्यान नसावयास हवा असा जो अवकाश, ती फट.

न्यायदर्शन अभावाचे ४ प्रकार मानते. पटाशीने उडालेले लाकूड परत येत नाही. त्याच्या अभावास आदि आहे, अंत नाही. अतएव फट हा प्रध्वंसाभाव होय. ‘ठोकल्यावर बसेल’ असे म्हणून तीस प्रागभाव, म्हणजे पुढे अंत पावणारा अभाव, मानणारा एक पक्ष आहे. त्याच्या हाती मोगरी असते आणि त्याचे शंकरपाळे दुभंगलेले असते.

फटीचे भेद असे. (१) कोणस्थ : शंकरपाळ्याच्या टोकाशी वसणारी. (२) पार्श्वस्थ : हिचे मूळ पेन्सिलीत आहे. पेन्सिलीच्या रेघेस दोन काठ असतात व नवशिका नेमका बाहेरचा धरतो. चाकूच्या रेघेत पटाशीची धार आपणहून बसते, म्हणून प्राज्ञ चाकूच वापरतात. (३) अधःस्थ : अगोचर, परंतु टिचकीस पोकळ उत्तर देणारी. (४) ऋतुज : लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात तंतू आडवे ठेवून बसविलेला खंड वैशाखात आपली सीमा सोडतो.

दोष कोणाचा, यावर दोन संप्रदाय आहेत. खातवादी म्हणतात, खाच मोठी झाली. खंडवादी म्हणतात, तुकडा लहान झाला. आधी तुकडा कापावा, तो झाकणावर धरून भोवती चाकू फिरवावा, या विधीने खंडवाद वस्तुतः निरस्त होतो. तथापि ‘चाकू फिरविताना तुकडा सरकला’ अशी नवी उपपत्ती खंडवाद्यांनी मांडली आहे. ती ग्राह्य वाटते. प्रस्तुत लेखकाचाही तुकडा सरकला होता.

प्रायश्चित्त : भुसा फेविकॉलात कालवून फट भरावी. (१९५९ साली फेविकॉल बाजारात येण्यापूर्वी तापविलेल्या सरसाचे युग होते, त्याचा विचार येथे नको.) भुसा कोणत्या लाकडाचा, हा प्रश्न गहन आहे. गडद लाकडाचा घ्यावा, कारण भरणी वाळली की काळवंडतेच. त्यावर पॉलिश चढताच शंकरपाळ्याच्या एका बाजूस काळी रेघ उमटते. अलंकारवादी उपपंथ तीस किनार मानतो आणि समतोलासाठी उरलेल्या ३ बाजूंस पटाशीने फट पाडून घेतो.